सात वाजताचा फोन

माहं चुकलं असं माह्या तोंडावर सांगणारं माणूस आमच्या गावात अजून जन्माले याचं हाय. पाठीमागं काय बोलत असतील ते त्याईचं त्याईले माहीत. मी कोकिळा. पिंपळगाव राजाच्या आठवडी बाजारात तीस वर्षं झाली भाजी विकते. नवरा वारल्यावर माहेरी आली, आन धाकट्या भावासंग, राजकुमारसंग, दोन एकरात भाजीपाला करते. घरात आज काय शिजवाचं इथपासून कोणाची सोयरीक कुठं जमवाची इथलोक सगळं माह्या शब्दावर चालते. म्हून हे सांगतानी मी मधात कोणाले बोलू देणार नाही. चूक माही हाय, तर सांगीन बी मीच.

राजकुमारची बायको पुष्पांजली संक्रांतीनंतर आठव्या दिवशी वावरात पडली. वांगे तोडून राह्यली होती. डोकं लय दुखते म्हणाली, बांधावर बसली, आन बसल्या जागी कलंडली. अकोल्याले दवाखान्यात नेली. डोक्यातली नस फुटली, म्हणे डॉक्टर. तीन दिवस काढले तिनं, चवथ्या दिवशी पहाटे गेली. चौतीस वर्षांची होती. नणंद-भावजय म्हून आम्ही दोघी भांडलो बी पोटभर. आता घरात मले उलटून बोलणारं कोणी नाही, आन ते मले अजून सहन होत नाही.

तिचे दोन लेकरं. अपेक्षा चवदा वर्षांची, आठवीत. जीवन सहाचा, पहिलीत. अपेक्षा बापासंग दवाखान्यात होती, तिनं सारं डोळ्यानं पाह्यलं. जीवनले मी पहिल्याच दिवशी माह्या लेकीकडे, अर्पिताकडे, उंद्रीले धाडून देल्लं. एवढ्याशा लेकरानं असलं कायले पाहावं, हा माहा हिशोब. तेरवी आटोपली, पाहुणे गेले, हार घातलेला फोटो मी पेटीत ठेवला, मंग अर्पिता त्याले घेऊन आली.

पोट्टं दारात चप्पल काढत नाही तर विचारते, "मम्मी कुठं हाय?"

राजकुमारनं तोंड फिरवलं. अर्पिता पदर तोंडाले लावून आत पळाली. कोणीतरी बोलणं भाग होतं, आन आमच्या घरात कोणीतरी म्हंजे मीच. मी म्हटलं, "दवाखान्यात हाय, अकोल्याले. बरी झाली का येते."

खोटं बोलाले मले अडचण वाटत नाही. बाजारात बसणाऱ्या बाईले वाटून चालत बी नाही. पण भेंडी आजचीच हाय हे सांगणं वेगळं, आन हे वेगळं. तेव्हा मले तो फरक समजला नाही. मले समजलं एवढंच का पोरगं दोन दिवस जेवलं नाही. मम्मी भरवीन तर खातो, म्हणे. ताटापुढं बसे आन दाराकडे पाहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अपेक्षा स्वयंपाकघरातून बोलली, "जीवन, हात धुतले का रे?" झालं. पोट्टं उठलं ते धावतच आत गेलं, चुलीमागं पाह्यलं, मोरीत पाह्यलं. अपेक्षाचा आवाज हुबेहूब मायचा. ओढून बोलाची ती लकब सुद्धा तिचीच. मी आजवर ध्यान देल्लं नव्हतं. त्या दिवशी मात्र माह्या अंगावर काटा आला, आन काट्यामागून अक्कल आली.

पुष्पाचा मोबाईल घरातच होता. मी तो चार्ज केला आन अपेक्षाच्या हाती देल्ला. म्हटलं, "गोठ्यामागं जाय. बापाच्या फोनवर फोन लाव. मम्मी होऊन बोल दोन शब्द. तुह्या भावाच्या पोटात घास जाईल."

अपेक्षानं माह्याकडे पाह्यलं. "आत्या, किती दिवस?"

"तो मोठा होईलोक."

"किती मोठा?"

"डोकं नको खाऊ वं. जाय."

राजकुमारचा फोन वाजला. पडद्यावर पुष्पाचा फोटो आला, वरवट बकालच्या लग्नातला, पिवळ्या साडीतला. जीवननं फोन दोन्ही हातानं धरला. तिकडून आवाज आला, "जीवन, राजा, जेवला का रे?" पोराचं तोंड असं उजळलं का मले रडू आलं. मी त्याच्यापुढं ताट सरकवलं. त्यानं अख्खी भाकर खाल्ली, वरून भात मांगला. मले वाटलं, कोकिळा, तू जिंकली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता फोन. मम्मीचा फोन येणार म्हटलं का पोट्टं हातपाय धुऊन ओट्यावर तयार. मी त्याच्याजवळ बसे. अपेक्षा गोठ्यामागं. एकदा जीवन म्हणे, व्हिडिओ लाव, मले मम्मी पाहाची हाय. मी तिथल्या तिथं सांगितलं, "दवाखान्यात व्हिडिओ चालत नाही, मशिनी बंद पडतात." सहा वर्षांच्या पोराले तेवढं पुरलं. गल्लीले आन त्याच्या शाळेतल्या बाईले मी ताकीद देल्ली, पोराजवळ कोणी तोंड उघडाचं नाही. घराचा बी मी कायदा करून टाकला. जीवनसमोर कोणी रडाचं नाही. पुष्पाचं नाव काढाचं तर बरी होऊन राह्यली असंच काढाचं. आन रडाचंच असेल तर वावरात जाऊन रडाचं. राजकुमार वावरातच राहे. अपेक्षा कुठंच रडली नाही. मी बाजारात सांगत फिरली, आमची पोरगी लय समजदार, एक टिपूस काढलं नाही तिनं. बाया बी माना डोलवत.

राजकुमार एकदा म्हणाला, "अक्का, हे बराबर नाही वाटून राह्यलं मले."

"मंग तू सांग त्याले. हा बसला पोरगा, हा बसला बाप. सांग."

त्याले वावरातली पाण्याची मोटार चालू कराची आठवण झाली. भाऊ माहा चांगला हाय, पण बोलाची वेळ आली का त्याले नेहमी मोटारच आठवते. मी त्याले नावं ठेवत नाही. त्या दिवसांत मी कोणालेच ऐकणारी नव्हती.

असे दोन महिने गेले. चैत्रातल्या एका बाजारी अपेक्षाचे सर माह्या दुकानापुढं येऊन उभे राह्यले. प्रसेनजित सर. तिशीतला बारीकसा माणूस, अपेक्षाच्या वर्गाचे शिक्षक. दोन जुड्या संभार, म्हंजे कोथिंबीर, घेतला आन उभेच. गिऱ्हाईक पांगलं तवा म्हणाले, "कोकिळाबाई, अपेक्षा शाळेत बोलत नाही."

"कमी बोलते ती. शहाणी हाय."

"कमी नाही, बोलतच नाही. हजेरीला नाव घेतलं की बोट वर करते. मराठीचा धडा वाचायला उभी केली तर उभीच राहते. दोन महिने झाले. मैत्रिणींना चिठ्ठी लिहून देते."

मी म्हटलं, घरी तर रोज बोलते. आन म्हणता म्हणता मले वाटलं, काय बोलते? सकाळी मान हलवते, दुपारी मान हलवते. तोंड उघडते ते सात वाजता. मी ते सरांले सांगितलं नाही. पण माणूस हुशार, थोडं थोडं विचारत सगळं काढून घेतलं माह्याकडून. फोनचं बी. मी छाती फुगवूनच सांगितलं. सरांनी संभाराच्या जुड्या खाली ठेवल्या.

"बाई, त्या पोराला खरं सांगा."

"सहा वर्षांच्या लेकराले? सर, तुम्ही गणित शिकवा."

"सहा वर्षांच्याच लेकराला. आणि सोप्या शब्दांत सांगा. झोपली म्हणू नका, तो झोपायला घाबरेल. देवानं नेली म्हणू नका, देवाचा राग धरेल. मेली म्हणा. शरीर बंद पडलं, आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही, ती परत येणार नाही, असं म्हणा. तो तेच तेच दहादा विचारेल, दहादा सांगा. आणि हे तुझ्यामुळं झालं नाही, हे सांगा. त्यानं विचारलं नाही तरी सांगा."

"त्याच्यामुळं कसं होईल? काही बी बोलता."

"लहान लेकरांना वाटतं तसं. माझा बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला सांगितलं, मुंबईला कामाला गेला. दोन वर्षं मी समजत होतो की आम्ही आवडत नाही म्हणून तो येत नाही. बाई, बाप मेला हे कळल्यावर मी रडलो, पण त्या दोन वर्षांइतकं वाईट मला त्या दिवशीही वाटलं नाही."

मले राग आला. भर बाजारात कोणी मले शिकवावं, तेही संभाराच्या दोन जुड्यांवर. मी म्हटलं, "सर, पोरगं जेवते, हसते, शाळेत जाते. तुमच्या सांगण्यावरून मी त्याच्या ताटात माती कालवू का?" सरांनी संभार घेतला आन गेले. मी त्या दिवशी घरी येऊन कारण नसतानी गाईवर सुद्धा ओरडली.

मंग आखाजी आली.

आमच्याकडे आखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, वारलेल्या माणसाची घागर भरतात. मातीची नवी घागर, त्यात गार पाणी, वर आंबा आन वाळा. गेलेल्या जिवाले उन्हाळ्याचं पाणी पाजाचं असा तो सण. घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल तर ती पहिली घागर, तिचा मान मोठा. बाई नवऱ्याच्या मागारी नाही, नवऱ्याच्या आधी गेली असेल तर तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. पुष्पाची सवाष्ण म्हून मी शेजारच्या सुभद्राबाईले सांगून ठेवलं होतं. आन घागरीवर पाणी घालाचं लेकानं. म्हंजे जीवननं.

मी त्याच्यावर बी तोड काढून ठेवली होती. सणाच्या दिवशी सकाळीच त्याले उंद्रीले अर्पिताकडे धाडाचं, पाणी राजकुमारनं घालाचं. अपेक्षाले सांगितलं तर तिनं मान हलवली. राजकुमारले सांगितलं तर तो पहिल्यांदाच मोटारीकडे गेला नाही. उभा राह्यला आन म्हणाला, "अक्का, तिले तिच्या लेकाच्या हातचं पाणी बी नाही का मिळाचं?" मी म्हटलं, मले पुरणाची डाळ निवडाची हाय, तू बाजूले हो.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. पुरण घाटाचं होतं म्हून मले गोवऱ्या पाहिजे होत्या. गोवऱ्यांचा उडवा गोठ्यामागं. जीवन बापाजवळ ओट्यावर फोन घेऊन बसलेला होता. तीन महिन्यांत मी पहिल्यांदा फोनच्या वेळी त्या बाजूले गेली. अपेक्षा भिंतीले पाठ लावून उभी होती, डोळे मिटून, आन फोनमधून जीवनचा आवाज मले सरळ ऐकू येऊन राह्यला होता.

"मम्मी, मी आता बिछान्यात सू नाही करत."

"शाबास रे राजा."

"दूध बी पेतो. नऊचा पाढा येते मले. आत्याले तरास नाही देत. आता येशील?"

"येईन ना."

"उद्या?"

"उद्या नाही रे."

"मंग अजून काय करू मी? तू सांग ना. तू सांगशील ते करतो. अजून काय केलं म्हंजे तू येशील?"

मी गोवऱ्या हातात धरून तशीच उभी. ओट्यावर त्याच्याजवळ बसून मी हेच बोल रोज ऐकत होती. पोरगं मम्मीले दिवसाचं सांगून राह्यलं एवढंच मले वाटे. तो दिवसाचं सांगत नव्हता. तो रोज माफी मांगत होता, आन रोज त्याले ती भेटत नव्हती.

अपेक्षानं "जेवून घे राजा" म्हणून फोन कापला. मले वाटलं आता ही वळेल आन मी दिसेन. ती वळली नाही. फोन कानालेच धरून ठेवला तिनं. मंग मायच्याच आवाजात बोलली, हळू, "अपू, तू जेवली का वं माय? तोंड किती सुकलं तुहं. ये, तेल लावून देते डोक्याले." आन मंग स्वतःच्या आवाजात, तीन महिन्यांत मी ऐकला नव्हता त्या आवाजात, म्हणाली, "हाव मम्मी."

माह्या हातातून गोवऱ्या पडल्या.

तिनं दचकून पाह्यलं. मी जवळ गेली, तिच्या हातून फोन घेतला आन बंद करून टाकला. म्हटलं, "झालं. आजपासून बंद."

तिनं माहा हात धरला. "आत्या, नको. तो जेवणार नाही."

"नको जेवू दे."

"आत्या, नको ना." तिचा आवाज फाटला. "फोन बंद केला तर मंग मले बी नाही बोलणार ती."

मी तिथंच उडव्यावर बसली. मी एका पोराले खोटी माय देल्ली, आन ती द्याले त्याच्या बहिणीची खरी माय खर्च केली, रोज थोडी थोडी. तिले मी मायसाठी रडू सुद्धा देल्लं नव्हतं, कारण रडली तर आवाज बसला असता आन सात वाजता फोन कोणी केला असता? हे मी मुद्दाम केलं नाही, पण केलं मीच. मी तिले जवळ ओढली. ती लाकडासारखी ताठ बसली होती, पण हात सोडवला नाही तिनं. मी म्हटलं, "अपे, माहं चुकलं." तिले ते खरं वाटलं नसेल. मी तोवर घरात कोणालेच तसं म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी फोन होऊन गेला होता म्हून जीवन जेवला. मी मनाशी ठरवून टाकलं. आपण मोडलं ते आपणच निस्तराचं, भावाच्या गळ्यात घालाचं नाही, सरांले बोलवाचं नाही. सकाळी राजकुमारले म्हटलं, "आज मोटार बंद. तू इथंच बसाचं. बोलीन मी, पण तू उठला तर पाय तोडीन." तो बसला.

ओट्यावर घागर मांडली होती. पेटीतला फोटो मी काढला, पुसला, हारासकट भिंतीले टेकवून ठेवला. जीवन न्हाऊन आला, नवा सदरा घातलेला, उंद्रीले जाची खुशी तोंडावर. फोटो पाहून थांबला. हार पाहून अजून थांबला. मी त्याले पुढ्यात बसवलं. माह्या मनात सतरा गोड शब्द येऊन गेले. देवाघरी गेली, चांदणी झाली, लांबच्या गावाले गेली. बाजारात तीस वर्षं काढली हाय मी, गोड शब्दाची मले कमी नाही. पण सरांचं बोलणं अटकून बसलं होतं डोक्यात, आन मी सरळ बोलली.

"जीवन, मम्मी मेली."

तो माह्याकडे पाहून राह्यला. "कवा?"

"संक्रांत झाली ना, त्याच्यानंतर. तू अर्पिताताईकडे होता तवा."

"म्हंजे लय दिवस झाले?"

"हाव. लय दिवस झाले. मी तुले खोटं सांगितलं. दवाखान्यात हाय म्हून सांगितलं ते खोटं होतं. माहं चुकलं."

"कशानं मेली?"

"डोक्यात बारीक नस असते, ती फुटली. डॉक्टरनं लय केलं, बाबानं लय केलं. नाही वाचली."

"दुखते का तिले आता?"

"नाही. मेलं का दुखत नाही. भूक नाही लागत, ऊन नाही लागत."

"परत येईल?"

"नाही."

"दिवाळीले?"

"दिवाळीले बी नाही रे बापा. कधीच नाही."

तो घागरीकडे पाहत बसला. मंग त्याच्या ध्यानात आलं. "मंग फोनवर कोण बोले?"

मी तोंड उघडलं, तर दारातून अपेक्षा म्हणाली, "मी."

त्यानं तिच्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, परत तिच्याकडे. मले वाटलं आता हा ओरडतो. तो ओरडला नाही. एकदम बारीक आवाजात विचारलं त्यानं, "मंग ती माह्यावर रुसली नव्हती?"

"रुसली? कायले रुसेल?"

"मी शेळी सोडली होती." आन मंग भडभड सगळं बाहेर आलं. त्या दिवशी सकाळी यानं शेळीचं दावं सोडलं. शेळीनं मिरचीच्या रोपाचा अख्खा वाफा खाल्ला. पुष्पा वावरात जातानी त्याले म्हणाली, संध्याकाळी घरी येऊ दे मले, मंग पाहते तुह्याकडे. आन ती संध्याकाळी आलीच नाही. फोनवर गोड बोले, पण घरी येत नव्हती. पोरानं सरळ अर्थ लावला. मम्मी जिती हाय, बोलते बी, पण माह्याच्यानं घरी येत नाही.

तीन महिने. सहा वर्षांच्या छातीवर एवढा गोटा ठेवून हे पोट्टं रोज नऊचा पाढा पाठ करत होतं, आन मी त्याच्या ताटातला भात मोजत होती. मी त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं. म्हटलं, "ऐक माहं. शेळीनं रोपं खाल्ली म्हून कोणाची नस फुटत नाही. तू ओरडला, रुसला, सांडलं, फोडलं, कशानं बी फुटत नाही. तुह्यामुळं काही झालं नाही. ती तुह्यावर रुसली नव्हती. तिले येता आलं असतं तर रांगत आली असती ती अकोल्याहून."

"खरं?"

"खरं. बाबाले विचार."

राजकुमार बोलला. मोटार नाही, वावर नाही. म्हणाला, "गाडीत मले म्हणत होती, जीवन्याले म्हणा शेळी मीच बांधाले विसरली होती." हे खरं होतं का त्यानं तिथल्या तिथं बनवलं, मी आजलोक विचारलं नाही.

तवा पोरगं रडलं. बापाच्या कडेवर चढलं आन रडलं. मंग उतरलं, अपेक्षाजवळ गेलं, आन दोन्ही मुठीनं तिच्या पोटावर मारत सुटलं, "खोटारडी, खोटारडी." मी उठली, पण अपेक्षानं मले हातानंच थांबवलं. तिनं मार खाल्ला. त्याचे हात दमले तवा तो तिलेच चिकटून उभा राह्यला.

घागरीवर पाणी त्यानंच घातलं. राजकुमारनं हात धरला नाही, नुसता मागं उभा राह्यला. तांब्या जड होता, अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. पाणी घालतानी त्यानं विचारलं, "हे तिले पोचते?" मी म्हटलं, "मले माहीत नाही. पण आपण घालतो." त्याले ते चाललं.

तेवढ्यात सुभद्राबाई आल्या. हिरवी साडी, कपाळभर कुंकू, जेवाले तयार. त्याईनं दारात पाय ठेवला आन जीवन अपेक्षाकडे वळला. तांब्या अजून हातातच होता. त्याले काहीतरी नवीनच सुचलं होतं, आन त्यानं ते खरंच जाणून घ्याले विचारलं.

"अपू, मंग तुही बी मम्मी मेली?"

तीन महिन्यांत हे तिले कोणी विचारलं नव्हतं. मी नाही, बापानं नाही, तेरवीले आलेल्या पन्नास बायांनी नाही. अपेक्षानं हो म्हणाले तोंड उघडलं, आन त्यातून जे निघालं ते मायच्या आवाजात नव्हतं. ती खाली बसली आन हंबरडा फोडला तिनं. गल्लीतले लोक दाराशी जमले. जीवन तिच्या डोक्यावरून ओला हात फिरवून राह्यला होता.

सुभद्राबाई लगबगीनं पुढं झाल्या. "अगं पोरी, सणाच्या दिवशी अशी रडते का? उठ, डोळे पूस. कोकिळाबाई, समजवा हो तिले."

मी त्याईचा हात धरून बाजूले घेतलं. गल्लीले ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, माहा बाजारातला आवाज हाय तोच.

"बसा सुभद्राबाई, जेवण थांबते. तिची माय मेली हाय. रडू द्या तिले."

सुभद्राबाई पाटावर बसल्या. पुरणपोळ्या गार होऊन राह्यल्या होत्या, पण कोणी उठलं नाही.